होळी लहान केली, मग ही रोजची होळी कशाला?

काल रंगपंचमी झाली. आज सकाळी सव्वासहाला मागचं दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. गल्लीभर धूर. कुणाचं घर पेटलं नव्हतं, नेहमीचंच होतं. रात्रभर गळलेला करंजाचा नि बदामाचा पाला कुणीतरी खराट्यानं गोळा केला, भिंतीकडेला ढीग लावला, वर दोन दुधाच्या पिशव्या टाकल्या आणि काडी ओढली. आत आईचा खोकला सुरू झाला. तिला दमा आहे. फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या घरात पहाटे खिडक्या उघडायच्या नाहीत, असा नियमच झालाय. वसंत ऋतू म्हणे! आम्ही तो खिडक्या लावून साजरा करतो.

ही पोस्ट कुणा एका शेजाऱ्यावर नाही. नाव घेऊन भांडायचं असतं तर दारात जाऊन भांडलो असतो, ती सवय आहे आपल्याला. ही पोस्ट आपल्या सगळ्यांच्या एका सवयीवर आहे. पाला दिसला की काडी. आणि आधीच सांगतो, चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यातलाच होतो. त्यामुळं शहाणपणा शिकवतोय असं वाटलं तर वाटू दे, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा.

ज्यांना बागेचा नाद आहे त्यांना सांगायला नको, हे दोन महिने नुसते कामाचे. थंडी सरली की मोगरा छाटायचा, आळं उकरून खत घालायचं, म्हणजे चैत्रात कळ्या धरतात. शेवंतीची फुलं संपली की बुडातले मुनवे काढून वेगळे लावायचे. भेंडी, गवार, दोडका, काकडीच्या बिया टोकायच्या. कढीपत्त्याचे शेंडे खुडायचे. कुंड्यांतली दगड झालेली माती मोकळी करायची. आंब्याला मोहर आला की एखाद दिवस धुकं पडायचं, तुडतुडे यायचे आणि निम्मा मोहर काळा पडून अंगणात. ते बघून हळहळायचं, हेही कामच. आणि या सगळ्यावर रोजचं झाडणं. करंज, कडुनिंब, पिंपळ, बदाम सगळे जणू मीटिंग घेऊन एकदमच पानं टाकतात. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा भरतं.

इथं आपलं डोकं कसं चालतं बघा. सकाळी पाला जाळायचा आणि संध्याकाळी नर्सरीत जाऊन खताची पिशवी विकत आणायची. झाडानं वर्षभर मातीतून जे ओढून घेतलं त्यातलं बरंचसं ते पानांतून परत देत असतं. दारात आणून टाकतं, तेही फुकट. आपण ते पेटवतो आणि तेच पैसे देऊन दुसऱ्याकडून आणतो. असा व्यवहार दुकानात केला तर लोक वेड्यात काढतील. बागेत केला की त्याला स्वच्छता म्हणतात.

माझी गोष्ट सांगतो. आमच्या कंपाऊंडलगत करंज आहे. मी त्याच्याच बुंध्याजवळ पाला जाळायचो, कारण ती जागा 'सोयीची' होती. एका वर्षी त्या बाजूची साल करपली. तेव्हा काही वाटलं नाही. पुढच्या वर्षी सालीला उभी भेग पडली आणि त्या अंगाच्या दोन फांद्या वाळल्या. ज्या झाडाच्या सावलीत मी गाडी लावत होतो, त्यालाच मी दर फाल्गुनात डागण्या देत होतो.

दुसरी गंमत राखेची. 'राख झाडाला चांगली' हे आपण सगळे ऐकत आलोय. मी ती घमेल्यानं जास्वंदीच्या कुंड्यांत ओतली. महिन्या-दोन महिन्यांत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मला वाटलं रोग पडला. निंबोळी तेल आणलं आणि भर दुपारच्या उन्हात फवारलं. पिवळी होती ती पानं आता करपली. शेवटी शेतीचं शिकलेल्या एका मित्रानं शिव्या घालून सांगितलं, "अरे, राख म्हणजे चुना नि पोटॅश. आपली काळी माती आधीच क्षाराकडं झुकलेली, त्यात तू बोअरचं जड पाणी घालतोस. वर घमेलंभर राख. मातीत लोह असूनही मुळांना मिळेना झालंय." चिमूटभर राख वेगळी आणि घमेलंभर वेगळी. पाला जाळला की त्यातला नत्र हवेत जातो, मातीचा जीव असलेला सेंद्रिय भाग हवेत जातो आणि हातात उरते ती ही राख. म्हणजे पुरणपोळी जाळून वाटीभर मीठ घरी आणल्यासारखं.

आता नेहमीचे मुद्दे घेतो. गेल्या तीन वर्षांत गल्लीत, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं हेच ऐकलंय.

पहिला : "आम्ही लहानपणापासून जाळतोय, काय झालं?" खरं आहे. तेव्हा परडं होतं, चार घरांमागं एक ढीग होता आणि ढिगात फक्त पाला होता. आज त्याच जागी तीन मजली अपार्टमेंट आहे, धूर थेट कुणाच्या तरी बेडरूममध्ये जातो आणि ढिगात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या प्लेटा असतात. लहानपणीचा धूर आणि हा धूर एक नाही.

दुसरा : "धुरानं डास जातात." धूर असेपर्यंत जातात. धूर गेला की येतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तो तुमच्या कुंडीखालच्या ताटलीत आहे, गच्चीवरच्या टायरमध्ये आहे. डासांचा एवढा राग असेल तर आज त्या ताटल्या उपड्या करा. काडीपेटीसुद्धा लागत नाही.

तिसरा : "पाला साठवला की साप-विंचू होतात." ही भीती खोटी नाही आणि मी तिला हसणार नाही. म्हणून ढीग दाराशी, न्हाणीशी, पोरं खेळतात तिथं करायचा नाही. कोपऱ्यात जाळीच्या किंवा विटांच्या कुंपणात करायचा, खरकटं उघडं टाकायचं नाही म्हणजे उंदीर येत नाहीत आणि उंदराच्या मागनं येणाराही येत नाही. हलवताना हातानं नाही, दाताळ्यानं हलवायचा. पण ज्या कोपऱ्यात वर्षभर मोडकी खुर्ची, फरशीचे तुकडे, जुनं कपाट पडलंय, तिथं साप होत नाहीत आणि फक्त पाल्यातच होतात का? ती अडगळ कुणी जाळत नाही.

चौथा आणि सगळ्यांचा लाडका : "एवढे कारखाने, एवढ्या गाड्या धूर सोडतात, त्यांना विचारा की. आमच्या चार पानांनी काय होतंय?" त्यांना जरूर विचारा, मी तुमच्यासोबत येतो. पण कारखान्याच्या धुराड्याला उंची असते. आपला ढीग जमिनीवर, धूर नाकाच्या उंचीवर, आणि तोही पहाटे, जेव्हा थंड हवा खाली बसलेली असते नि धुराला वर जायला वाट नसते. त्यात पाला दवानं ओला. ओला पाला पेटत नाही, धुमसतो, आणि धुमसणाऱ्या ढिगातून बारीक कण नि कार्बन मोनॉक्साईड जास्त निघतो. चार पानं तुमची, चार माझी, चार समोरच्यांची. गल्लीत वीस घरं. हिशेब तुम्हीच करा.

आणि कोल्हापूरची हवा म्हणजे गावाकडची स्वच्छ हवा, हा भ्रम सोडा. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवा ठरलेल्या निकषांत बसत नाही म्हणून महाराष्ट्रातली जी शहरं त्यात घेतली, त्यात मुंबई-पुण्याबरोबर कोल्हापूरचं नाव आहे. सांगलीचंही आहे, त्यामुळं एकमेकांना चिडवायची सोय नाही.

कायदाही स्पष्ट आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत रस्त्यावर, सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई केली आणि बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादानं अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. पण खरं सांगू? दंडानं ही सवय जाईल असं मला वाटत नाही. ती दुसऱ्या गोष्टीनं जाईल, आणि ती गोष्ट आपल्या गावाला येते.

आठ दिवसांपूर्वीची होळी आठवा. पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्काराला पैसे घेत नाहीत, हे आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. त्याच स्मशानभूमीला होळीच्या दिवसांत मंडळं, तालमी, शाळा शेणी दान करतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी होळी लहान करा, पोळी दान करा, असं सांगितलं तेव्हा आधी लोक हसले, चिडले, धर्म बुडाला म्हणाले. आज टेम्पो भरून शेणी जातात आणि मंडळं त्याचे फोटो टाकतात. गणपतीत निर्माल्य वेगळं ठेवायला शिकलो, मूर्तिदानही सुरू झालं. म्हणजे कोल्हापूरला सवय बदलता येत नाही, हे कुणी सांगू नये. वर्षातनं एकदा येणारी, सगळ्यांना प्रिय असलेली होळी आपण लहान केली. मग जिच्यात सण नाही, पोळी नाही, बोंब मारायची मजासुद्धा नाही, ती रोज पहाटेची होळी कुणासाठी पेटवतोय आपण?

आणखी एक गोष्ट बोचते. हे श्री. अ. दाभोळकरांचं गाव. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या माणसानं कोल्हापुरात राहून प्रयोग परिवार उभा केला, द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना एकमेकांकडून शिकायला लावलं आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं जगू शकतं याचा हिशेब मांडला. त्या हिशेबाचा पाया काय होता? पान. ऊन पकडणारं हिरवं पान आणि मातीत परत गेलेलं वाळकं पान. डॉ. नरेंद्र दाभोळकर त्यांचे धाकटे भाऊ. एका भावानं पाल्याची किंमत सांगितली, दुसऱ्याच्या चळवळीनं होळी लहान करायला सांगितली. दोघांचंही अर्धंच ऐकलं आपण.

शेतकऱ्याला तर आपण शहरातले लोक भारी उपदेश करतो. उसाचं पाचट जाळू नका म्हणतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. ते सरीत पसरून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू खत टाकून कुजवायचं, ही शिफारस आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे, आणि अनेकांनी काडी लावणं बंदही केलंय. त्याच्याकडं टनांनी पाचट, डोक्यावर कर्ज, खोडव्याची घाई. आपल्याकडं दोन पोती पाला आणि रविवारची सुट्टी. कुणाला जास्त अवघड आहे?

"मग करायचं काय ते सांग," असं आता म्हणाल. सांगतो, पण माझ्या चुकांसकट. कारण यूट्यूबवर बघून पहिल्या महिन्यात जमेल असं हे काम नाही.

पहिल्या वर्षी खड्डा काढून नुसता पाला भरला आणि वर माती. पुढच्या पाडव्याला उकरला तर पान जसंच्या तसं, बदामाचं तर शीरसुद्धा मोडली नव्हती. नुसता कोरडा पाला उपाशी असतो, त्याला ओलं आणि नत्र लागतं. दुसऱ्या वर्षी चेव आला आणि स्वयंपाकघरातलं सगळं ओतलं, उरलेल्या आमटीसकट. आठवड्यात वास सुटला, अळ्या झाल्या. समोरचे काका गॅलरीतून ओरडले, "अहो, धूर परवडला तुमच्यापेक्षा!" त्यांचं बरोबर होतं. तिसऱ्या वर्षी खत अर्धं कच्चं असताना टोमॅटोच्या रोपांना घातलं. रोपं पिवळी पडून बसली, कारण कुजायचं राहिलेलं खत मातीतलाच नत्र खात होतं.

आता जमतंय ते असं. जाळीच्या गोल कुंपणात तीन घमेली पाला, एक घमेलं भाजीची देठं-सालं, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यात गुळाचा खडा विरघळवून. गुळाला आपल्याकडं तोटा नाही. शिजलेलं अन्न अजिबात नाही. बदामासारखी जाड पानं आधी पायाखाली तुडवून घ्यायची. मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी दाताळ्यानं खालीवर. फाल्गुनात भरलेला ढीग गणपतीच्या सुमारास चौथाई होतो आणि त्याला पहिल्या पावसासारखा वास येतो.

एवढंही नको असेल तर सगळ्यात सोपं सांगतो. पाला उचला आणि झाडाच्या आळ्यात चार बोटं जाड पसरा. बुंध्यापासून वीतभर लांब. झालं. उन्हाळ्यात त्याखालची माती ओली राहते. पूर्वी माझ्या मोगऱ्याला रोज पाणी लागायचं, आता एक दिवसाआड पुरतं. काळम्मावाडीचं पाणी पन्नास किलोमीटरहून जास्त लांबून पाईपनं आणायला आपण किती वर्षं वाट बघितली, २०२३ च्या दिवाळीत ते शहरात आलं तेव्हा केवढा आनंद झाला. ते पाणी उघड्या, तापलेल्या मातीवर ओतून वाफ करायची आणि तिला झाकणारा पाला जाळायचा, हा कुठला शहाणपणा?

हे सगळं ज्याला अंगण आहे त्याच्यासाठी. ज्याला नाही, जो अपार्टमेंटमध्ये राहतो, किंवा ज्याच्या हातात पोटासाठी खराटा आहे, त्याला माझ्यासारख्यानं काडी ओढू नको एवढंच सांगणं हा निलाजरेपणा आहे. बऱ्याच शहरांत झाडणाऱ्या माणसाला झाडायची हद्द दिलेली असते, पाला न्यायची सोय दिलेली नसते. तो पेटवतो आणि पहिला धूरही तोच गिळतो. म्हणून माझं मागणं फक्त नागरिकांकडं नाही, कारभाऱ्यांकडंही आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल हे तीन महिने आठवड्यातला एक वार फक्त पाल्यासाठी ठेवा. त्या दिवशी गाडी फक्त पोत्यांतला पाला उचलेल. प्रत्येक सार्वजनिक बागेत पाल्याचा एक हौद करा, आसपासच्या गल्ल्यांचा पाला तिथंच कुजू दे आणि पावसाळ्यात ते खत त्याच गल्ल्यांना द्या. पाला कुटायचं एखादं यंत्र प्रभागाप्रभागांत फिरवा. आणि दंड करायचाच असेल तर सुरुवात सायकलवरनं येऊन झाडणाऱ्यापासून करू नका, मोठी आवारं असलेल्या शाळा, कॉलेजं, कार्यालयं, सोसायट्यांपासून करा. यातल्या कशालाही कोटींची निविदा लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणाला सुचत नसेल.

राजकारणातल्या लोकांनी कमेंटमध्ये येऊन 'लवकरच' लिहू नये, ही विनंती. तारीख लिहा.

आज सकाळी धूर विरल्यावर मी समोरच्या काकांकडं गेलो. ढीग त्यांनीच पेटवला होता, हे मला ठाऊक होतं. भांडायला गेलो होतो, पण चहा झाला. आईचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ताईंना एवढा त्रास होतोय हे माहीत नव्हतं ओ. पण मला सांगा, माझा गुडघा असा, मी खड्डे काढू का आता?" मी म्हटलं, "काढू नका. पोत्यात भरून आमच्या गेटला ठेवा, पुढचं मी बघतो." "रोज?" म्हणाले. "रोज," म्हटलं.

आत्ता संध्याकाळी त्यांच्या गेटला साखरेचं एक रिकामं पोतं अडकवून आलोय. उद्या सकाळी त्यात पाला असेल की भिंतीकडेला धूर असेल, सांगता येत नाही. पण तुमच्या गल्लीतही असे एक काका असतील, आणि तुमच्या घरातही एखादं रिकामं पोतं असेलच. पाडव्याला अजून आठ-दहा दिवस आहेत. त्या दिवशी कडुनिंबाची कोवळी पानं गुढीला बांधायची असतात. त्याच झाडाची वाळकी पानं तोवर जाळू नका, एवढंच.